रेफरन्स फोटो दाखवायचा की लपवायचा? चर्चिलच्या जळालेल्या चित्राची गोष्ट

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एक हात वरच्या कडीला राहू द्या. घरी भांडी घासता घासता ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा. आज एका अशा चित्राची गोष्ट सांगते, जे आता जगात कुठेच नाही. त्यासाठी ब्रिटनच्या खासदारांनी वर्गणी काढली, एका नामवंत चित्रकाराने ते रंगवलं, भर समारंभात टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर ते भेट दिलं गेलं. आणि पुढे ते गुपचूप जाळून टाकलं.

पण आधी एक अगदी आजचा प्रश्न, कारण त्या जळालेल्या चित्राचं उत्तर आपल्याला याच प्रश्नासाठी हवंय.

माझ्या ओळखीत पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेणारी दोन-तीन मुलंमुली आहेत. कोणी कोळशात काढतं, कोणी तैलरंगात, कोणी थेट टॅबवर. कामाची पद्धत साधारण एकच. माणसाला तासभर समोर बसवायचं, थोडं स्केचिंग करायचं, वेगवेगळ्या उजेडात पन्नास-साठ फोटो काढायचे आणि पुढचे काही दिवस त्या फोटोंवरून काम करायचं. त्यालाच रेफरन्स फोटो म्हणतात. मग कधीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "ताई, त्या दिवशी तुम्ही काढलेले फोटो पाठवता का?"

इथे भलेभले अडतात. पाठवले, तर समोरचा माणूस फोटो आणि चित्र शेजारी ठेवून नाकाची मापं काढायला लागतो. किंवा म्हणतो, "अच्छा, फोटो बघून काढता होय!" आणि पुढच्या वेळी भाव पाडतो. किंवा त्याला फोटोच इतका आवडतो, की चित्राचा उरलेला हप्ता लांबणीवर पडतो. नाही पाठवले, तर त्याचंही म्हणणं चुकीचं वाटत नाही. चेहरा माझा, पैसे माझे, आणि फोटो मला बघायला मिळू नये?

तर मंडळी, हा प्रश्न इन्स्टाग्रामच्या जमान्यातला वाटतो, पण तो कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

कॅमेरा आला आणि चित्रकार बावरले

१८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगासमोर मांडली गेली. तोवर माणसाचा चेहरा जपून ठेवायचा तर चित्रकाराशिवाय पर्याय नव्हता. त्याच्यासमोर तासन् तास, पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागायचं. आता एक यंत्र तेच काम काही मिनिटांत करायला लागलं, आणि थोड्याच वर्षांत काही सेकंदांत.

मुंबईही यात मागे नव्हती. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे इथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. आणि लगेच तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. म्हणजे आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीचं चित्रकलेचं शिक्षण आलं तेव्हा कॅमेरा आधीच दारात उभा होता.

राजा रविवर्मा यांचंच उदाहरण घ्या. जन्म १८४८, त्रावणकोरमधल्या किळिमानूरचा. पण महाराष्ट्राशी नातं घट्ट, कारण १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या पणजीच्या देवघरात जी लक्ष्मी-सरस्वती होती, ती बहुतेक त्या छापखान्याच्या वाटेनेच आलेली. त्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी रीघ लावून असायच्या. ज्यांना समोर बसणं शक्य नव्हतं किंवा जे हयातच नव्हते, त्यांची चित्रं फोटोवरून करायची, हा त्या धंद्याचा नेहमीचा भाग होता.

यात गंमत बघा. माणूस हयात नसेल तर फोटो घेऊन कोण येतं? घरचे लोक. मग लपवालपवीचा प्रश्नच उरत नाही, कारण रेफरन्स त्यांनीच दिलेला असतो. आपल्या घरांमध्ये हार घातलेली आजोबांची जी रंगवलेली तसबीर असते, तिच्या मागे बहुतेक वेळा एखादा ग्रुप फोटोतून कापलेला, बोटभर आकाराचा चेहरा असतो. सगळ्या घराला ते माहीत असतं. आणि तरीही कोणी म्हणत नाही, "हे काय, फोटोवरून काढलंय!" उलट म्हणतात, "हुबेहूब उतरलेत हो अण्णा."

म्हणजे फोटोवरून काढणं ही लोकांची मूळ तक्रार नव्हतीच. मग चित्रकार लपवत का होते?

लपवणारे

लपवत होते, कारण त्यांची किंमत "हाताच्या जादू"वर ठरत होती. फोटोग्राफर म्हणजे यंत्र चालवणारा आणि चित्रकार म्हणजे प्रतिभावंत, अशी विभागणी लोकांच्या डोक्यात पक्की झाली होती. एकदा का गिऱ्हाइकाला कळलं की प्रतिभावंतानेही यंत्राची मदत घेतलीय, की भाव खाली येणार, ही भीती.

जर्मनीत फ्रांझ फॉन लेनबाख नावाचा चित्रकार होता. म्युनिकमधला मोठा माणूस. बिस्मार्कची त्याने ऐंशीच्या आसपास चित्रं केली. आता मला सांगा, जर्मनीचा चान्सलर ऐंशी वेळा स्टुलावर बसेल का? अर्थातच नाही. लेनबाख फोटोंचा सर्रास वापर करायचा. १९०३ मध्ये त्याने स्वतःचं, बायकोचं आणि मुलींचं एकत्र चित्र केलं, तेही फोटोवरून.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या थॉमस ईकिन्सची गोष्ट त्याहून बोलकी आहे. शरीररचनेचा अभ्यास, समोर जिवंत मॉडेल, अचूक निरीक्षण यासाठी तो ओळखला जायचा. १९१६ मध्ये तो वारला. त्याच्या एका शिष्याने जपलेला कागदपत्रांचा आणि फोटोंचा मोठा साठा १९८५ मध्ये पेनसिल्व्हेनिया अकॅडमीकडे आला. मग संशोधकांनी त्याची चित्रं बारकाईने तपासली. रंगाच्या थरात टोकदार हत्याराने केलेल्या बारीक खुणा सापडल्या. १८८१ च्या सुमाराच्या काही चित्रांमध्ये त्याने फोटो कॅनव्हासवर प्रोजेक्ट करून त्यावरून आकृत्या घेतल्या होत्या. २००१ मध्ये फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा हे सगळं लोकांसमोर आलं.

आणि काय झालं? काही लोक म्हणाले, "म्हणजे फसवलं की आम्हाला!" खरं तर चित्रं तीच होती. पाण्याचा रंग तोच, जाळी विणणारे कोळी तेच. लोकांना खटकलं ते इतकी वर्षं झाकून ठेवलेलं.

एक म्हातारा, ज्याने काहीच लपवलं नाही

आता उलट टोकाचा माणूस. वॉल्टर सिकर्ट, इंग्लंडमधला नावाजलेला चित्रकार. उतारवयात याने सरळ वर्तमानपत्रातले फोटो घ्यायला सुरुवात केली. त्यावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखायच्या आणि चित्र उतरवायचं. आपल्याकडे शाळेत ड्रॉइंगचे सर ग्राफ मेथड शिकवतात ना, तीच. सिकर्टच्या बऱ्याच चित्रांत त्या आखलेल्या रेघा शेवटपर्यंत दिसतात. त्या बुजवायची तसदीसुद्धा त्याने घेतली नाही.

मे १९३२ मध्ये अमेलिया इअरहार्ट एकटीने विमान चालवत अटलांटिक पार करून आली. लंडनला पोचली तेव्हा धो धो पाऊस आणि ही गर्दी. त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. सिकर्टने लगेच त्यावरून मोठं चित्र केलं. पाऊस, रेनकोट, टोप्या, आणि गर्दीत अर्धवट दिसणारी इअरहार्ट. मूळ फोटो लोकांनी नाश्त्याच्या टेबलावर आधीच पाहिलेला! लपवायला काही शिल्लकच नव्हतं. टीका झाली, नाही असं नाही. पण "पकडला गेला" असं कोणी म्हणू शकलं नाही.

या सिकर्टचा एक हौशी विद्यार्थी होता. दिवसा राजकारण, फावल्या वेळात चित्रकला. नाव विन्स्टन चर्चिल.

सिकर्ट हा चर्चिलची बायको क्लेमेंटाईन हिच्या माहेरच्या ओळखीतला. १९२७ मध्ये ती ओळख पुन्हा जुळली आणि सिकर्ट चर्चिलच्या चार्टवेलच्या घरी येऊन त्याला शिकवायला लागला. काय शिकवलं? फोटोवरून काम कसं करायचं, मॅजिक लँटर्नने तो कॅनव्हासवर कसा पाडायचा. चर्चिल या युक्तीवर बेहद्द खूश झाला. ऑगस्ट १९२७ मध्ये चार्टवेलला चहाच्या टेबलाभोवती बसलेल्या मंडळींचं त्याने केलेलं एक चित्र आहे. त्यात खुद्द सिकर्टही बसलाय. ते चित्र फोटोवरूनच केलेलं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण आता आपण मूळ गोष्टीकडे येतोय. या गोष्टीतल्या गिऱ्हाइकाला रेफरन्स फोटो म्हणजे काय, हे चांगलं माहीत होतं. त्याला त्याचं वावडं नव्हतं. तरीही सगळं बिनसलं.

३० नोव्हेंबर १९५४

चर्चिल ऐंशी वर्षांचा होणार होता. पंतप्रधान होता, पण थकलेला. वर्षभरापूर्वी पक्षाघाताचा मोठा झटका येऊन गेला होता आणि तो लोकांपासून झाकून ठेवला होता. संसदेतल्या सगळ्या पक्षांच्या मंडळींनी ठरवलं की वाढदिवसाला त्याचं व्यक्तिचित्र भेट द्यायचं. वर्गणी निघाली. काम ग्रॅहॅम सदरलँडकडे गेलं, मानधन १००० गिनी. सदरलँड त्या काळातला आघाडीचा आधुनिक चित्रकार. सॉमरसेट मॉम या लेखकाचं त्याने केलेलं चित्र गाजलेलं होतं, आणि ते चेहऱ्याला गोंजारणारं मुळीच नव्हतं.

पहिला खटका कपड्यांवरून उडाला. चर्चिलला ऑर्डर ऑफ द गार्टरच्या झग्यात बसायचं होतं. ऑर्डर देणाऱ्यांना हवा होता संसदेत रोज दिसणारा चर्चिल, म्हणजे काळा कोट, वेस्टकोट, पट्ट्यांची पँट, बो टाय. इथेच पहिली गाठ बसते बघा. पैसे देणारे वेगळे आणि चेहरा देणारा वेगळा. क्लायंट नेमका कोण?

ऑगस्टच्या अखेरीपासून चार्टवेलला बैठका सुरू झाल्या. सदरलँडने कोळशात स्केचेस केली, हातांचे आणि डोक्याचे तैलरंगातले अभ्यास केले. पण ऐंशी वर्षांचा पंतप्रधान किती वेळ शांत बसणार? म्हणून एल्सबेथ जूदा या फोटोग्राफर बाईंना बोलावून फोटो काढून घेतले. मग हे सगळं साहित्य घेऊन सदरलँड आपल्या स्टुडिओत गेला आणि मोठ्या चौकोनी कॅनव्हासवर खरं चित्र तिथे केलं.

आणि चर्चिलला काय दाखवलं? फारच थोडं. चालू असलेल्या कामाबद्दल बोलायला सदरलँड नाखूश असायचा. जमवलेल्या साहित्यातलं त्याने समोर ठेवलं ते अगदी मोजकं. चर्चिल स्वतः चित्रकार, उत्सुकतेने विचारणारा. पण चित्र कुठे चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

२० नोव्हेंबरला, म्हणजे समारंभाला दहा दिवस उरले असताना, क्लेमेंटाईनने पूर्ण झालेलं चित्र पाहिलं. तिला ते धक्का बसावा इतकं हुबेहूब वाटलं. तिने त्याचा एक फोटो बरोबर घेतला आणि नवऱ्याला नेऊन दाखवला.

मंडळी, इथे जरा थांबा. महिनोन् महिने झाकून ठेवलेलं चित्र चर्चिलने पहिल्यांदा पाहिलं ते फोटोत! रंग, ब्रशचे फटकारे, कॅनव्हासचा आकार, यातलं काहीही त्या फोटोत नव्हतं. होता तो फक्त एक खचलेला, खुर्चीच्या हातांना धरून बसलेला म्हातारा.

चर्चिल भयंकर संतापला. हे चित्र समारंभाला योग्य नाही, समारंभ त्याच्याशिवाय होईल, असं त्याने सदरलँडला कळवलं. सदरलँडचं म्हणणं एवढंच की मला जे दिसलं ते मी प्रामाणिकपणे काढलंय. शेवटी एका खासदाराने समजूत घातली, की इतक्या जणांनी पैसे दिलेत, त्यांचा अपमान होईल. ३० नोव्हेंबरला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये समारंभ झाला, बीबीसीने तो दाखवला. चर्चिल उठला आणि हे आधुनिक कलेचं विलक्षण उदाहरण आहे, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. बोलण्यात असा काही पीळ होता की अख्खा हॉल हसला. सदरलँड तिथेच हजर होता. त्या हशात त्याला काय वाटलं असेल, विचार करा.

चित्र चार्टवेलला गेलं, पण भिंतीवर कधी लागलं नाही. क्लेमेंटाईनने नवऱ्याला शब्द दिला होता की ते कोणाला दिसणार नाही. तिच्या विश्वासातल्या सेक्रेटरीने आपल्या भावाच्या मदतीने ते रात्री घराबाहेर काढलं आणि जाळलं. १९७७ च्या डिसेंबरमध्ये क्लेमेंटाईन वारली, आणि त्यानंतर १९७८ मध्ये हे चित्र नष्ट झाल्याचं जाहीर झालं. सदरलँड तेव्हा हयात होता. त्याने याला विध्वंस म्हटलं.

आज काय उरलंय? स्केचेस, तैलरंगातले अभ्यास, आणि जूदाबाईंचे फोटो. म्हणजे ज्याला आपण "रेफरन्स" म्हणतो, कच्चा माल म्हणतो, तेवढंच. पक्कं चित्र राख झालं.

मग फोटो दाखवला असता तर?

मला वाटतं, फरक पडला असता. चर्चिलला चित्र आवडलंच असतं, असं मी म्हणत नाही. सदरलँडची नजर निर्दय होती आणि चर्चिलला म्हातारपण मान्य नव्हतं. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते फोटो आणि ती स्केचेस टेबलावर पसरून दोघे बसले असते, तर भांडण तेव्हाच झालं असतं. तेव्हा कॅनव्हास कोरा होता. वाढदिवस लांब होता. माघार घेता आली असती, दुसरी मुद्रा निवडता आली असती, चित्रकाराला "हे मी करणार नाही" म्हणता आलं असतं, आणि गिऱ्हाइकालाही.

मला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. रेफरन्स फोटो काम सुरू होण्याआधी दाखवला, तर तो करार ठरतो. काम संपल्यावर दाखवला, तर तोच पुरावा ठरतो. आधी दाखवताना आपण विचारतो, "यातला कोणता चेहरा तुमचा?" नंतर दाखवताना समोरचा विचारतो, "यात तर माझा चेहरा असा नाहीये, मग तुम्ही असा का काढला?" फोटो तोच असतो, प्रश्न मात्र उलटा फिरतो.

इथे एक साधी शास्त्राची गोष्टही क्लायंटला सांगून ठेवायला हवी. फोटो म्हणजे खरा चेहरा, हा आपला गैरसमज आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लेन्स जवळ, तर नाक मोठं आणि कान मागे. त्यात आपण स्वतःला रोज आरशात पाहतो, म्हणजे उलटं. म्हणून फोटोतला भांगही आपल्याला भलतीकडे वाटतो. चांगला चित्रकार पाच फोटो, दोन स्केचेस आणि तासभराच्या गप्पा एकत्र करून एक चेहरा घडवतो. तो चेहरा कुठल्याही एका फोटोशी तंतोतंत जुळणार नाही, आणि जुळू नयेच. पण हे आधी सांगितलं तर ती समज ठरते, आणि नंतर सांगितलं तर सबब वाटते.

तिसरा माणूस

आतापर्यंत आपण दोघांचंच बोललो, चित्रकार आणि गिऱ्हाईक. पण बऱ्याचदा तिसराही असतो, तो फोटो काढणारा.

१९८४ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफर बाईंचा एक फोटो ४०० डॉलर देऊन घेतला. गायक प्रिन्सचा, १९८१ मध्ये काढलेला. अट लेखी होती की चित्रकाराला रेफरन्स म्हणून, एकदाच वापरायचा. चित्रकार होता अँडी वॉरहॉल. त्याने त्या फोटोवरून एक नाही, १६ कलाकृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स वारला, तेव्हा त्यातली नारिंगी रंगाची एक प्रतिमा मासिकाच्या विशेषांकावर आली. वॉरहॉलच्या फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथबाईंना छदामही नाही, साधं नावसुद्धा नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि मे २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी निकाल बाईंच्या बाजूने लागला.

ओबामाचं ते लाल-निळं "होप" पोस्टर आठवतं ना? शेपर्ड फेअरीने २००८ मध्ये केलेलं. ते असोसिएटेड प्रेसच्या एका फोटोवरून होतं. फोटो वापरण्याचा हक्क होता की नाही, हा वाद कोर्टात चालला असता आणि कदाचित त्याची बाजू टिकलीही असती. पण त्याने वापरलेला फोटो हा नव्हे, दुसराच, असं सांगितलं आणि ते खरं दाखवायला पुराव्यात फेरफार केले. २०१२ मध्ये त्याला शिक्षा झाली ती यासाठी. दोन वर्षं प्रोबेशन, ३०० तास समाजसेवा, २५,००० डॉलर दंड. म्हणजे इथेही तेच, की फोटो वापरणं हा वादाचा मुद्दा होता, पण अंगाशी आलं ते लपवणं.

आणि आपल्याकडचा कायदा? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं १७ वं कलम ऑर्डरी घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने एकदा वाचावं. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा व्यक्तिचित्र केलं, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा असतो. चित्रकार नाही, गिऱ्हाईक! अनेकांना हे ऐकून धक्का बसतो. मग बैठकीत तुम्ही काढलेले ते पन्नास फोटो त्या ऑर्डरचाच भाग, की तुमची कामाची कच्ची वही? यावर वाद घालायचा नसेल, तर आधीच दोन ओळी लिहून घ्या. "वेगळं काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द तुमच्यासाठीच आहेत.

तर काय करायचं?

माझं मत सांगते. तुम्ही पोर्ट्रेट काढत असाल, तर पहिल्याच बोलण्यात सांगून टाका की मी फोटो वापरते, का वापरते, आणि ते फोटो देणार की नाही. काढलेल्या फोटोंतून चार-पाच निवडा, क्लायंटसोबत बसून बघा, मुद्रा पक्की करा, आणि मग कॅनव्हासला हात लावा. पन्नासच्या पन्नास फोटो देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. डोळे मिटलेले, तोंड वाकडं झालेले फोटो हे तुमच्या कामाच्या पसाऱ्यातले आहेत, आणि शिंपी काही कापडाच्या चिंध्या कपड्यासोबत देत नाही. फोटो दुसऱ्या कोणी काढला असेल, तर त्याची परवानगी घ्या आणि त्याचं नाव लिहा.

आणि तुम्ही ऑर्डर देणारे असाल, तर हक्काने विचारा, पण आधी विचारा. चित्र हातात पडल्यावर फोटो मागून मापं काढत बसू नका. तुम्ही कॅमेऱ्याला पैसे दिले नव्हते. एका माणसाने तुमच्याकडे कित्येक तास बघितलं, त्या बघण्याचे पैसे दिले होते. आणि तो फोटोवरून काढतो म्हणून भाव पाडायची इच्छा झाली, तर अण्णांच्या त्या हार घातलेल्या तसबिरीकडे एकदा बघा. बोटभर चेहऱ्यातून अख्खा माणूस उभा करणं यंत्राला जमलं नव्हतं.

सदरलँड आणि चर्चिल, दोघेही आपापल्या जागी खरे होते असं मला वाटतं. एकाला खरं दिसलं, दुसऱ्याला ते सोसलं नाही. पण वेळेवर एक टेबल, चार फोटो आणि अर्ध्या तासाचं मोकळं बोलणं झालं असतं, तर आज लंडनमध्ये कुठल्यातरी भिंतीवर ते चित्र टांगलेलं असतं आणि आपण तिथे उभं राहून भांडलो असतो, की चर्चिल खरंच असा दिसायचा का.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या ओळखीत कोणी पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेत असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा, आणि ते १७ वं कलमही दाखवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!